रस्त्याच्या मधोमध

जुन्या मुंबईचे फोटो समोर आले की बहुतेकांची नजर इमारतींकडे जाते. माझी जाते खाली, रस्त्याकडे. भायखळा असो, पायधुणी असो की फ्लोरा फाउंटन, शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही हमरस्त्याच्या फोटोत बहुतेक वेळा रुळांच्या दोन जोड्या दिसतात आणि त्यांवर एखादी ट्राम उभी असते, अगदी रस्त्याच्या मधोमध. व्हिक्टोरिया, बैलगाड्या, हातगाड्या, क्वचित एखादी मोटार, ही बाकीची सगळी दुनिया तिच्या दोन्ही अंगांनी वाट काढत असते. पाटीवाला हमाल थांबलाय तोही तिच्यासाठीच.

मुंबईच्या ट्रामचा विषय निघाला की म्हातारी माणसं हळवी होतात. आण्याचं तिकीट, पायाने वाजवायची ती घंटा, वाऱ्याची झुळूक. मीही हे सगळं आवडीने ऐकतो. पण ट्राम गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला त्या फोटोंमुळे कळायला लागलं. रस्त्याचा मधला भाग कोणाचा, या प्रश्नाचं मुंबईने १८७४ ते १९६४ अशी नव्वद वर्षं एक उत्तर दिलं होतं. ते उत्तर या शहराने नंतर बदललं. मी त्या बदलाकडे बघतोय.

सुरुवात घोड्यांपासून करायला हवी, कारण विजेची ट्राम घोड्यांच्याच वाटेने आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. घोड्यांची ट्राम चालवायचा पहिला परवाना एका अमेरिकन कंपनीला मिळाला तो याच १८६५ साली. अर्थात तो कागदावरच राहिला. मंदीत रूळ कोण टाकणार? पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली. स्टर्न्स आणि किटरेज हे तिच्यामागचे अमेरिकन. त्यांची कचेरी कुलाबा कॉजवेवर, आज जिथे बेस्टचं इलेक्ट्रिक हाऊस आहे तिथे होती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली. दोन मार्ग होते: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी.

भाडं तीन आणे. तिकीट नव्हतंच, पैसे हातात द्यायचे. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं, आणि गर्दीबरोबर फुकटेही वाढल्यामुळे त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. सार्वजनिक वाहन सुरू झाल्यापासून काही महिन्यांत विनातिकीट प्रवासी हजर! ही मुंबई आपल्याला ओळखीची वाटते.

या घोड्यांच्या ट्रामचा एक आकडा मला फार बोलका वाटतो. सुरुवातीला गाड्या होत्या २० आणि घोडे २००. म्हणजे एका गाडीमागे दहा. गाडी ओढायला एक नाहीतर दोनच घोडे लागत, पण मुंबईच्या उन्हात भरलेली गाडी ओढणारा घोडा काही तासच टिकतो. त्याला सोडून दुसरी जोडी जुंपायची, मग तिसरी. जो घोडा आज गाडीला नाही तोही दाणावैरण खातोच, त्यालाही नाल ठोकावे लागतात, तोही आजारी पडतो. शिवाय लीद. घोड्यांवर चालणारी वाहतूक म्हणजे मुळात एक भलामोठा तबेला आणि त्याला जोडलेल्या थोड्या गाड्या. भाडं कितीही कमी करायचं म्हटलं तरी तबेल्याच्या खर्चाखाली जाता येत नाही. १८९९ साली मुंबईत भाडं एका आण्यावर आलं खरं, पण त्यापुढे घोड्यांच्या जिवावर किती वाढणार, हा प्रश्न राहतोच. जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात ट्राम कंपन्यांचे हिशेबनीस याच जागी अडले होते.

त्यांना वाट दाखवली विजेने, पण तीही एका दमात नाही. १८८१ मध्ये बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे गावात सीमेन्सने विजेची ट्राम चालवून दाखवली. तिथे वीज सरळ रुळांतूनच वाहायची, त्यामुळे रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसत. गावाबाहेर एक वेळ चालून जाईल, भरवस्तीत कसं चालणार? वीज डोक्यावरच्या तारेतून घ्यावी आणि रुळांतून परत पाठवावी, ही रचना कामाची आहे हे फ्रँक स्प्रेग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८८८ साली रिचमंड शहरात सिद्ध केलं. गाडीच्या टपावर स्प्रिंगने उचललेली लांब दांडी, तिच्या टोकाला तारेला खालून भिडणारं छोटं चाक. मोटर थेट चाकांच्या आसाशी बसवलेली. रिचमंडचे चढ घोड्यांचा घाम काढणारे होते, आणि तिथेच ही गाडी चढून गेली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या शहरांतून घोडे बाजूला झाले.

हिंदुस्थानात विजेची पहिली ट्राम मुंबईत आली नाही, हे पक्क्या मुंबईकराला जरा झोंबतं. ती मद्रासला, १८९५ मध्ये. मग कलकत्ता, १९०२. मुंबईचा नंबर त्यानंतरचा. मुंबईला विजेचं कौतुक नव्हतं असं नाही. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. पण ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आलं. मला ही हकिगत फार आवडते, कारण विजेचा धंदा तेव्हा का चालत नव्हता हे तिच्यात दिसतं. दिवे लागणार संध्याकाळी आणि लोक झोपले की विझणार. पण बॉयलर, इंजिनं, जनित्रं यांत पैसा गुंतलेला असतो तो दिवसाच्या चोवीस तासांसाठी. दुपारी बारा वाजता कोण दिवा लावतो?

दुपारी बारा वाजता वीज वापरते ती ट्राम. कचेऱ्या उघडायच्या वेळी, बाजाराच्या वेळी, पेढ्या बंद व्हायच्या वेळी. ट्राम आणि दिवे एकाच वीजघरावर घातले की यंत्रं रिकामी बसत नाहीत. म्हणून त्या काळी कितीतरी शहरांत ट्राम आणि वीजपुरवठा यांची कंपनी एकच असे. मुंबईत १९०५ मध्ये जी कंपनी लंडनला नोंदवली गेली तिच्या नावातच हे दोन्ही धंदे शेजारी शेजारी होते: बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजेच बेस्ट. तिने घोड्यांच्या ट्रामचा जुना धंदा घेतला, वाडीबंदरला ४,३०० किलोवॉटचं वाफेवरचं वीजघर उभारलं आणि तारा ताणायला घेतल्या. आजही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांत विजेचं बिल बसवाल्यांकडून येतं. उपनगरातल्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. कारण एवढंच, की या शहरात वीज आणि ट्राम एकाच दाराने आत आल्या.

७ मे १९०७ रोजी संध्याकाळी विजेची पहिली ट्राम महापालिकेच्या कचेरीपासून निघाली आणि गेली क्रॉफर्ड मार्केटला. चोवीस वर्षांपूर्वी जिथले दिवे विझले होते, तिथेच.

सुरुवातीला ही वीज कोळशाची होती. पण लवकरच तिच्यात पावसाचं पाणी आलं. लोणावळ्याच्या आसपास टाटांनी धरणं बांधली, ते पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून तिथली वीज मुंबईकडे यायला लागली. १९१६ पासून बेस्ट टाटांची वीज घेऊ लागली. जुलैत घाटावर कोसळणारा पाऊस मार्चमध्ये परळला ट्राम ढकलतोय, ही कल्पना मला कधीही कवितेपेक्षा कमी वाटलेली नाही. आणि हा पाऊस खाली ट्रामच्या रुळांवरही पडायचाच. हिंदमाता, परळ इथे पाणी तुंबायचं ते आजच्यासारखंच, आणि मोटरा चाकांजवळ असल्यामुळे तुंबलेल्या पाण्यात विजेची गाडी घालणं हे काही शहाणपणाचं काम नव्हे.

गाडी चालायची कशी, ते थोडं सांगायलाच हवं, कारण ट्रामच्या आठवणी लिहिणारे हा भाग हटकून गाळतात. ट्रामच्या ड्रायव्हरसमोर स्टिअरिंग नसतं. वळायचं कुठे ते रुळांनी आधीच ठरवलेलं. त्याच्यासमोर असतो पितळी मुठीचा कंट्रोलर, छातीएवढ्या उंचीची एक लोखंडी पेटी. मूठ एकेक खाच पुढे सरकवायची. गाडीला सहसा दोन मोटरा. सुटताना त्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, म्हणजे तारेतला पाचेकशे व्होल्टचा दाब दोघींत वाटला जातो आणि गाडी धक्का न देता हलते. वेग आला की पुढच्या खाचेला त्या शेजारी शेजारी जोडल्या जातात आणि दोघींना पूर्ण दाब मिळतो. नवशिक्याने मूठ भसकन पुढे ढकलली तर उभे प्रवासी एकमेकांच्या गळ्यात. मुरलेला ड्रायव्हर खाच न खाच मोजून घ्यायचा. दुसरा हात ब्रेकवर, आणि पाय घंटेवर. हॉर्न असा नव्हताच, टाचेने दांडा दाबला की तळाची घंटा ठणाणा वाजायची.

कधी सांध्यावर हिसका बसला की टपावरची दांडी तारेवरून निसटायची. गाडी जागच्या जागी ठप्प, रात्र असेल तर दिवेही गेले. मग कंडक्टर खाली उतरून मागे लोंबणारा दोर धरायचा आणि मान वर करून ते चाक पुन्हा तारेला लावायचा. तेवढा वेळ मागच्या सगळ्या ट्रामा रांगेत उभ्या. पुढे काढून घ्यायची सोयच नाही. रूळ म्हणजे तेच: एक अडली की सगळ्या अडल्या. ट्रामच्या विरोधकांचा हा मुद्दा खरा होता, तो मी नाकारणार नाही.

शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची गरज नसे. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा. त्याने मूठ काढून हातात घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला जायचं, कंडक्टरने दांडी फिरवायची, बाकांच्या पाठी उलट्या करायच्या, आणि मघाशी जे शेपूट होतं ते तोंड.

माझी मावशी गिरगावात ठाकुरद्वारच्या एका चाळीत वाढली. ट्राम ही तिच्या लेखी गाडी कमी आणि चाळीच्या सज्जाचा पुढचा भाग जास्त. "आई हाक मारायची वरून, आणि मामा उडी मारायचा ट्राममधून," असं ती सांगते. धावत्या ट्राममधून उतरणं ही मुलांची विद्या होती. तोंड गाडी जाते त्या दिशेला हवं, आणि जमिनीला पाय लागला की चार पावलं गाडीबरोबर पळायचं. उलट्या तोंडाने उतरलेला हमखास आपटायचा. रुळावर खिळा ठेवायचा आणि ट्राम गेली की त्याचं चपटं पातं उचलायचं, हा दुसरा उद्योग. मामाने याच पात्याने पेन्सिली तासल्या म्हणे. "आणि कंडक्टर ओरडायचा नाही?" मी विचारलं. "ओरडायचा की. पण त्यालाही ठाऊक होतं, कोण कुठल्या वाडीतला ते. संध्याकाळी परत त्याच ट्रामने यायचं असायचं ना सगळ्यांना." मावशीच्या या वाक्यात मला ट्रामच्या संथपणाची दुसरी बाजू दिसते. ती इतकी हळू जायची की आतले आणि बाहेरचे एकमेकांचे चेहरे ओळखायचे.

याच कारणाने ती सगळ्या दंग्याधोप्यांतही सापडायची. १७ नोव्हेंबर १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला त्या दिवशी जी दंगल पेटली तिच्यात ट्रामवर दगड पडले. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून शहर रस्त्यावर आलं तेव्हाही ट्रामा बंद पडल्या. शहर बंद झालं की नाही याची खूण ट्राम होती. दुकानांच्या फळ्या अर्ध्या उघड्या ठेवून वेळ मारून नेता येते, ट्राम अर्धी चालू ठेवता येत नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही कळायचं, आज काहीतरी झालंय.

सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्रामा आल्या. दादरपर्यंत ट्रामची वाट झाली. त्या काळात प्लेगने हादरलेलं शहर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनांनी उत्तरेकडे सरकत होतं. दाटीवाटीच्या गल्ल्या सोडून दादर-माटुंग्याच्या मोकळ्या हवेत राहायला जा, हे सांगणं सोपं. पण रोज फोर्टातल्या कचेरीत पोचवणारं, कारकुनाला परवडणारं काहीतरी लागतं. ते काम लोकलने केलं आणि ट्रामने केलं. त्यात लोकलचं नाव होतं, ट्राम विसरली जाते. दादरला पूर्वेच्या चौकाला लोक अजून टीटी म्हणतात, ते ट्राम टर्मिनस. तिथल्या टॅक्सीवाल्यांत ट्राम पाहिलेला एकही उरला नसेल.

१५ जुलै १९२६ रोजी कंपनीने पहिली मोटरबस सोडली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला बस ही जरा बऱ्या परिस्थितीतल्यांची समजली जायची. सामान्य माणूस ट्रामने जायचा. बस महाग, ट्राम स्वस्त, हे पुष्कळ वर्षं चाललं. हा क्रम उलटला कसा, हे समजून घ्यायला जरा हिशेबात शिरावं लागतं.

ट्रामला रस्ता फुकट मिळत नसे. ब्रिटनच्या १८७० च्या ट्राम कायद्याने घातलेली एक अट होती: रुळांमधला रस्ता आणि दोन्ही बाजूंचा दीड-दीड फुटाचा पट्टा ट्रामवाल्यांनीच दुरुस्त राखायचा. घोड्यांच्या काळात ते न्याय्यही होतं, कारण दगड झिजायचे ते घोड्यांच्या नालांनी. पण घोडे गेले, अट राहिली. ट्रामची पोलादी चाकं पोलादी रुळांवरून जाणार, डांबराला त्यांचा स्पर्शही नाही. तिच्या पैशाने राखलेल्या त्या गुळगुळीत पट्ट्यावरून धावणार मात्र मोटारी आणि बसगाड्या. रूळ, खांब, तारा, उपकेंद्रं, सगळ्यांचा खर्च ट्रामच्या वहीत. बसच्या वहीत फक्त बस. रस्ता कोण बांधतो, हे तिच्या हिशेबात येतच नाही. असे दोन हिशेब शेजारी ठेवले तर ट्राम तोट्यातच दिसणार. जगभर तेच झालं.

लंडनची शेवटची ट्राम जुलै १९५२ मध्ये गेली. मद्रासची १९५३ मध्ये. मुंबईत ७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही सगळी यंत्रणा महापालिकेकडे आली आणि नावातला ट्रामवेज हा शब्द जाऊन ट्रान्सपोर्ट आला. इंग्रजी अद्याक्षर एकच असल्यामुळे बेस्ट ही बेस्टच राहिली. युद्धाच्या वर्षांत नवं सामान मिळालं नव्हतं, रूळ झिजले होते, डबे जुने झाले होते. फाळणीनंतर शहर फुगत चाललं होतं. अशा वेळी पालिकेसमोर दोन वाटा होत्या: रूळ बदलायला मोठी रक्कम एकदम घालायची, किंवा एकेक मार्ग उखडून तिथे बस सोडायची. दुसरी वाट सोपी होती. १९५३ पासून एकेक मार्ग बंद व्हायला लागला.

त्या वेळचे अधिकारी मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. पैसे खरोखर नव्हते, आणि नवं ते चाकांवरचं, रबराचं, पेट्रोल-डिझेलचं, ही तेव्हा सगळ्या जगाची समजूत होती. पण एक गोष्ट मला खटकते. ट्रामवरचा मोठा आरोप होता, ती वाहतूक अडवते. ज्या गाडीत साठ-सत्तर माणसं आहेत ती गाडी, ज्या गाडीत दोन माणसं आहेत तिला अडवते, असं म्हणायला आपण शिकलो. उलट कोणी म्हणालं नाही. आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, हे एकदा असं ठरल्यावर निकाल काय लागणार?

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरला निघाली. ती खच्चून भरली होती आणि दुतर्फा लोक उभे होते. तारीख बघा. नव्वद वर्षांची ट्राम निघून गेली ती आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. हिशेबाने मारलेल्या वाहनाला इतकी चपखल तारीख मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

या गोष्टीला एक उपकथानक आहे आणि ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. रूळ जात असतानाच, ११ जून १९६२ पासून, बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस चालवली. वर दोन तारा, खाली रबरी टायर. वीज हवी, पण रूळ नकोत, असा तो मधला मार्ग होता. धूर नाही, आवाज नाही, आणि समोर कोणी गाडी लावली असेल तर थोडं बाजूने काढूनही घेता येतं. कागदावर पाहिलं तर ट्रामच्या विरोधकांच्या सगळ्या तक्रारी तिने मिटवल्या होत्या. तरीही मार्च १९७१ मध्ये तीही बंद झाली. ट्राम गेली ती रुळांमुळे, असं आपण म्हणतो तेव्हा मला ही ट्रॉलीबस आठवते. तिला तर रूळ नव्हते.

कोलकात्यात मी ट्रामने हिंडलोय. मैदानाच्या बाजूने, झाडांखालून जाणाऱ्या रुळांवर ती छान पळायची. तिथे तिला स्वतःची वाट होती. पण उत्तरेला कॉलेज स्ट्रीटकडे ती रस्त्याच्या गर्दीत शिरली की दर मिनिटाला थांबायची, कारण रुळांवर कोणीतरी टेम्पो उभा करून माल उतरवत असायचा. घंटा वाजत राहायची, टेम्पोवाला हात दाखवायचा, दोन मिनिटं, दादा. एकच गाडी, एकच ड्रायव्हर. फरक फक्त मधल्या पट्ट्यावर हक्क कोणाचा यात. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा एक वारसा म्हणून ठेवायचा तुकडा सोडून बाकी ट्राम बंद करायचं जाहीर केलं. कारण तेच सांगितलं, वाहतूक अडते.

मुंबईने तर वारसा म्हणून ठेवायलाही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी रूळ उखडण्याचे कष्टही न घेता वरून डांबर टाकलं होतं. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत खणताना ते सापडले, तेव्हा बातम्या झाल्या. आणि बोरीबंदरसमोर भाटिया बागेत शोभेला ट्रामचा डबा हवा म्हटल्यावर तो आणावा लागला कोलकात्याहून. मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. त्यांना कोणी सांगत नाही की हा मुंबईच्या रुळांवर कधी धावलेलाच नाही. सांगून तरी काय करणार म्हणा.

आता शहरात मेट्रो आली आहे. मी तिचा चाहता आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर ती खांबांवरून जाते. आरे ते कफ परेड मार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, तो जमिनीखालून जातो, तेहतीस किलोमीटरच्या वर. त्यावर बोरीबंदरपाशी एक स्थानक आहे आणि पुढचं काळबादेवी. १८७४ च्या दुसऱ्या मार्गाची सुरुवात हीच होती. म्हणजे दीडशे वर्षांनी तीच माणसं, तेच टप्पे, फक्त इमारतींच्या पायांखाली. वेग कितीतरी पट, गारवा, वक्तशीरपणा, यात ट्राम कुठेच बसत नाही. पण हा हजारो कोटींचा खटाटोप कशासाठी, हे बघितलं तर वरचा रस्ता मोटारींसाठी मोकळा ठेवूनच माणसं हलवायची होती. एकतर त्यांना डोक्यावरून न्यायचं नाहीतर पायाखालून. मधोमध मात्र आता हात लावायचा नाही. काळबादेवीच्या रस्त्यावरून मोटारींना हटवून तिथे विजेची गाडी चालवू, असा विचार आज कोणत्याही बैठकीत कोणी मांडला तर लोक हसतील. पॅरिसमध्ये ट्रामा तीसच्या दशकात गेल्या आणि १९९२ मध्ये उपनगरांतून परत आल्या, तिथेही आधी हसलेच असतील.

मावशीला मी मेट्रोने घेऊन गेलो होतो, वरळीहून गिरगावला. सरकते जिने तिला आवडले. गाडीत बसायला जागा मिळाली, तीही आवडली. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून ती खिडकीच्या काळ्या काचेकडे बघत बसली. तिथे तिचंच प्रतिबिंब होतं. मुंबई सेंट्रल गेलं, ग्रँट रोड आलं.

"गाडी झकास आहे रे," ती म्हणाली. "पण दुकानं कुठे दिसतात?"

मी म्हटलं, "मावशी, आपण जमिनीखाली आहोत."

"ते कळतंय मला. पण मग समजायचं कसं, कोणाचं दुकान बंद झालं आणि कोणाचं चालू आहे?"

गिरगावला वर आलो तेव्हा रस्ता तुंबलेला होता. टॅक्सी मिळेना. ठाकुरद्वारपर्यंत चालत गेलो, आणि ती वाटेत प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत गेली.